कराटे क्लासमध्ये मुलाला छडी मारली, सर म्हणतात ‘शिस्त अशीच असते’. क्लास बदलावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलगा नऊ वर्षांचा आहे, जूनपासून कराटेला जातोय. सर महिनोन् महिने तोच पंच आणि तोच ब्लॉक मारून घेतात. उशीर झाला की पन्नास पुशअप्स. मागच्या आठवड्यात गुडघा नीट वाकला नाही म्हणून पोटरीवर छडी बसली. तुम्ही विचारायला गेलात तर ‘ही जपानी पद्धत आहे, शिस्तीशिवाय कराटे येत नाही’ असं उत्तर मिळालं.

मी नाशिकला एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना शोतोकान शैलीचं कराटे शिकवते. तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच दमात विचारल्या आहेत, पण त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. तोच तो पंच मारून घेण्यात सरांचं काही चुकत नाही. पन्नास पुशअप्स चुकीचेच आहेत, पण बोलून सुटण्यासारखे. छडी मात्र कुठल्याही कारणाने चालणार नाही, आणि तिला जपानी पद्धत म्हणणं तर साफ खोटं आहे.

आधी पंचाबद्दल, कारण पालक मला सगळ्यात जास्त हेच विचारतात: ‘मॅडम, पुढचं कधी शिकवणार?’ गाण्याच्या क्लासात मूल वर्षभर सा आणि पलटे घोटतं तेव्हा आपण तक्रार करत नाही, इथे मात्र तिसऱ्या महिन्यात फ्लाइंग किक हवी असते. ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, बघायला अगदी सोपा वाटतो. पण तो जमिनीपासून सुरू होतो. मागची टाच जमिनीवर दाबलेली, मग कंबर वळते, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी मूठ. लहान मुलाचं नेमकं उलटं होतं. मूठ आधी जाते, कंबर मागाहून येते, टाच उचलली जाते, आणि बरगडीशी ओढून घ्यायचा दुसरा हात मध्येच कुठेतरी लोंबकळत राहतो. हे सगळं एकदम सांगितलं तर मूल गोंधळतं. म्हणून मी मुलांना फक्त पट्ट्याच्या गाठीकडे बघायला सांगते. सुरुवातीला गाठ तिरकी असते. पंच पोहोचतो त्या क्षणी ती सरळ समोर वळायला हवी. दोन आठवडे फक्त गाठ, मग टाच, मग दुसरा हात. यात महिने जातात आणि जायलाच हवेत.

फक्त एक गोष्ट तुम्ही स्वतः बघून या. एक दिवस हॉलच्या कडेला बसा. ‘इची, नी, सान’ अशी मोजणी चालू असताना सर रांगांमधून फिरतात का? कुणाचं कोपर हाताने आत घेतात, कुणाचा खांदा खाली करतात, कुणाजवळ थांबून ‘हा बरोबर होता’ असं सांगतात का? की समोर उभं राहून नुसते आकडे ओरडतात? चुकीचा पंच हजार वेळा मारला तर चूकच पक्की होते, आणि मग ती काढायला दुप्पट वेळ लागतो. दुसऱ्या क्लासमधून आलेल्या मुलांचे वाकलेले मनगट सरळ करताना मला हे नेहमी दिसतं.

आता शिस्त. मला ती मनापासून हवी आहे. माझ्या वर्गात ‘यामे’ म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं, हात हवेत असेल तर हवेतच. यात सूट नाही, कारण वीस मुलं हातपाय चालवत असतात आणि एकाचं थांबणं चुकलं तर दुसऱ्याच्या नाकातून रक्त येतं. नखं वाढलेली असतील तर जोडीचा सराव नाही. कानात डूल, हातात कडं नाही. जोडीदारासमोर वाकून नमस्कार केल्याशिवाय सुरुवात नाही, कारण त्या क्षणी दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं असतं आणि दोघं तयार असतात. जुनी मुलं पुढच्या रांगेत, नवी मागच्या, म्हणजे नव्याला समोर बघून शिकता येतं. शेवटी सगळ्यांनी मिळून हॉल झाडायचा. अनवाणी सराव करतो, खडा पायात जातो. मुलांनी कारण विचारलं तर प्रत्येक नियमाचं कारण मला सांगता येतं, आणि त्यांनी ते विचारावं असं मला वाटतं. शिक्षकाच्या रुबाबापलीकडे ज्या नियमाला कारणच नाही, तो मी वर्गात येऊ देत नाही.

या कसोटीवर पन्नास पुशअप्स बघा. नऊ वर्षांच्या मुलाचे पंधराव्यानंतर खांदे लटकतात, कंबर खाली झुकते, पुढचे सगळे चुकीचेच निघतात. त्यातून ताकद येत नाही, खांदा मात्र दुखतो. शिवाय एवढं मूल उशिरा येतं ते बहुतेक वेळा आईबाबांच्या गाडीमुळे. माझ्याकडे उशिरा आलेलं मूल दाराशी सेइझात, म्हणजे वज्रासनात बसतं, मी खूण केली की उठतं, कडेला स्वतःचं वॉर्मअप पूर्ण करतं आणि मगच रांगेत येतं. थंड अंगाने एकदम किक मारली तर मांडी धरते, म्हणून. पालकांशी मी वेगळं बोलते. आणि व्यायाम हीच शिक्षा केली की मुलाच्या मनात व्यायामाची जागा कायमची बिघडते, याचं मला जास्त वाईट वाटतं.

छडीबद्दल. गुडघा न वाकण्याची कारणं ठरलेली असतात: दोन पावलांमधलं अंतर मुलाच्या उंचीच्या मानाने जास्त असतं, मागचा घोटा आखडलेला असतो, किंवा मांडी थकलेली असते. पोटरीवर फटका बसला की स्नायू आणखी आखडतो, म्हणजे जे व्हायला हवं त्याच्या उलट. पाऊल थोडं आत घ्यायला लावायचं, पुढच्या गुडघ्याजवळचं पँटचं कापड चिमटीत धरून हलकेच पुढे ओढायचं, मूल आपोआप खाली बसतं. दहा सेकंदांचं काम आहे.

‘जपानी पद्धत’ या उत्तराचा मला खरंच राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कराटे मुळात ओकिनावाचं, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचं. तिथे पूर्वी एक गुरू आणि मोजके शिष्य अंगणात सराव करायचे. पट्टे नव्हते, रांगा नव्हत्या. रांगेत उभं करून मोजणीवर शिकवायची पद्धत आली ती शाळेमुळे. तिथले कराटेगुरू अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेलं आणि मुलांना झेपतील अशा पाच पिनान काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिका, बसवल्या. आपण शोतोकानवाले त्यांनाच हेइआन म्हणतो. १९०८ साली त्यांनी कराटेबद्दल दहा मुद्द्यांचं एक पत्र लिहिलं. त्यात तब्येतीबरोबर सैन्यासाठी होणाऱ्या उपयोगाचाही विचार आहे. तो काळच तसा होता, आणि शाळेतल्या कवायतीची छाप कराटेवर तेव्हा पडली. पुढे १९२२ मध्ये शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी टोकियोला प्रात्यक्षिकासाठी गेले आणि तिथेच राहिले. १९२४ पासून विद्यापीठांत कराटेचे क्लब निघू लागले, पहिला केइओ विद्यापीठात. त्याच वर्षी फुनाकोशींनी ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांची श्रेणीपद्धत घेऊन पहिले ब्लॅक बेल्ट दिले. सीनियरने ज्युनियरला दामटायचं हे वातावरण मुख्यतः या विद्यापीठांच्या क्लबांत आणि युद्धाच्या वर्षांत फोफावलं. थोडक्यात, जिला परंपरा म्हणून पुढे केलं जातं ती एका विशिष्ट काळाची सवय आहे.

आणि फुनाकोशी स्वतः कोण होते? ओकिनावात तीस वर्षांहून जास्त काळ प्राथमिक शाळेत शिकवणारे मास्तर. त्यांनी घालून दिलेल्या वीस सूत्रांतलं पहिलंच आदराबद्दल आहे: कराटेची सुरुवातही नमस्काराने आणि शेवटही. हा आदर दोन्ही बाजूंनी असतो. मूल वाकतं तेव्हा सेन्सेई, म्हणजे शिक्षकही वाकतो.

आजच्या जपानचं म्हणाल तर १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याच्या अकराव्या कलमाने तिथे शाळेत मारायला बंदी आहे. मार थांबला का? पूर्ण नाही. २०१३ साली ज्यूदोच्या पंधरा महिला खेळाडूंनी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाविरुद्ध मारहाणीची तक्रार केल्याचं उघड झालं, त्या प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं, आणि देशातल्या क्रीडा संघटनांनी एकत्र येऊन खेळातल्या हिंसेविरुद्ध जाहीरनामा काढला. म्हणजे जपान ज्या गोष्टीची लाज बाळगून ती सोडायला निघाला आहे, ती आपल्याकडे त्याच्या नावाने चालवली जाते. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. वर्गशिक्षकाला जे चालत नाही ते संध्याकाळी त्याच वयाच्या मुलाला कराटेच्या सरांनी का करावं?

एक गोष्ट सरांच्या बाजूने कुणी सांगेल म्हणून लिहिते. गोजू-र्‍यू शैलीत सानचिन नावाची काता आहे. त्यात शिक्षक तळहाताने खांद्यावर, पाठीवर, मांडीवर थापा मारून बघतात की शरीर स्थिर आहे का. ते खरं आहे. पण ती तपासणी असते, शिष्याला आधी माहीत असते, तो तिच्यासाठी तयार उभा असतो आणि चुकला म्हणून त्याला मारलेलं नसतं. व्हिडिओत बघून नऊ वर्षांच्या मुलावर छडी चालवण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझ्या मते कराटेतली खरी शिस्त एका जागी दिसते: चालू असलेला हात थांबवता येण्यात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ ला, ७५ किलोवरच्या गटाची फायनल होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४–१ ने पुढे होता. त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला अशी बसली की तो बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून न्यावा लागला. किकबॉक्सिंग असतं तर हमेदी सामना तिथेच जिंकला असता. इथे रेफरींनी हमेदीला बाद केलं, कारण फटक्यावर ताबा नव्हता, आणि सुवर्ण गंजजादेहला गेलं. सौदीला तोवर ऑलिंपिकचं एकही सुवर्ण मिळालेलं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर तो निर्णय किती जड होता ते कळेल. मी मोठ्या मुलांना तो सामना आवर्जून दाखवते.

हा ताबा मुलांना शिकवता येतो. आमच्याकडे एक अंगाने दणकट मुलगा होता, जोडीदाराला हमखास लागायचं. त्याला मी वर्गातल्या सगळ्यात लहान चणीच्या मुलीसमोर उभं केलं आणि काम दिलं: पूर्ण वेगाने पंच मारायचा, तिच्या गीच्या, म्हणजे कराटेच्या पोशाखाच्या, कापडाला मूठ लागली पाहिजे, छातीला नाही. तिचं काम डोळे न मिटणं. पहिल्या दिवशी तो घाबरून वीतभर आधीच थांबत होता आणि खांदा दगडासारखा ताठ. कापड हलतंय आणि मुलगी हलत नाही, इथवर यायला बरेच आठवडे लागले. तोपर्यंत खांदा सैल झाला होता आणि पंचाचा वेगही वाढला होता. याच्यासाठी छडी कुठे लागते?

क्लास बघायला जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी तपासा. पट्ट्याच्या परीक्षेत कुणी नापास होतं का ते जुन्या पालकांना विचारा. फी भरली की दर तीन महिन्यांनी सगळेच पुढे जात असतील तर तो पट्टा विकत घेतलेला आहे. आणि गॅदरिंगला मुलांकडून कौलं फोडून घेणं, पोटावरून मोटरसायकल नेणं असले प्रकार होत असतील तर सरळ बाहेर पडा. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, बोटांच्या सांध्यांवर असले प्रयोग करायचे नसतात.

आता तुम्ही काय करावं. सरांशी एकदा बोला, पण मुलांसमोर नको. बॅच संपल्यावर, आई आणि बाबा दोघांनी. आवाज न चढवता इतकंच सांगा की सराव कितीही कडक घ्या, आमची हरकत नाही, पण अंगाला हात किंवा छडी लावायची नाही. ‘चुकलंच, पुन्हा होणार नाही’ असं म्हणाले तर महिनाभर मधूनमधून अर्धा तास बसून बघा. पालकांना बसू देत नसतील, किंवा ‘मग तुमचा मुलगा कच्चाच राहणार’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी मुलाला काढा, पुढची फी भरलेली असली तरी. मुलालाही स्पष्ट सांगा की छडी खाणं ही त्याची चूक नव्हती. मुलं हे स्वतःहून धरून चालत नाहीत. नव्या क्लासमध्ये कदाचित पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करायला सांगतील. त्यावर वाद घालू नका. जूनपासून घोटलेले पंच आणि ब्लॉक त्याच्या अंगात आहेत, चांगल्या शिक्षकाला ते पहिल्याच तासाला दिसतील.