शेतातल्या ब्रश कटरसाठी टू-स्ट्रोक इंजिन चांगले की फोर-स्ट्रोक? की रोटरीसारख्या नव्या इंजिनाची वाट पाहावी?

टू-स्ट्रोकला सरसकट नावे ठेवणारी उत्तरे इथे वाचली आणि आमचे दादा आठवले, म्हणून लिहीत आहे.

इंदूरजवळ सांवेर रस्त्याला आमची थोडी जमीन आहे. बांधावरच्या गवतासाठी मी सियागंजातून टू-स्ट्रोक ब्रश कटर आणला आणि लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, म्हणजे ५०:१, हे प्रमाण डब्यावर रंगाने लिहून ठेवले. मी वडोदऱ्याला मुलीकडे गेलो असताना डबा रिकामा झाला आणि दादांनी स्कूटरमधले निव्वळ पेट्रोल काढून यंत्रात ओतले. पाच-सात मिनिटे ते झकास चालले, मग आवाज जड होत गेला आणि शेवटी दोरी ओढली तरी हलेना. परतल्यावर मी सिलिंडर उघडला, तेव्हा पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते, त्याचे अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासले गेले होते आणि रिंग खाचेत रुतून बसली होती. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचेच, हे मी दादांना तो पिस्टन हातात देऊन समजावले. त्यांचा निकाल एकच: "तुझं यंत्रच हलकं." मग त्यांनी हट्टाने फोर-स्ट्रोक घेतला, आणि दोन हंगामांनी त्यातले एकदाही न बदललेले, डांबरासारखे काळे तेल मीच काढले.

टू-स्ट्रोक दर फेऱ्याला ताकद देते, फोर-स्ट्रोक एकाआड एक फेऱ्याला, म्हणून तेवढ्याच कामाला टू-स्ट्रोक वजनाला हलके पडते, आणि दिवसभर खांद्यावर वागवायच्या यंत्रात याहून मोठा गुण नाही. एक्झॉस्टचे द्वार उघडे असतानाच नवे मिश्रण आत येते व त्यातले काही न जळता निसटते, त्यामुळे पेट्रोल आणि धूर दोन्ही जास्त, हे खरेच आहे.

रोटरीची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर गोल फिरणाऱ्या इंजिनाची, वाट मुळीच पाहू नका. फेलिक्स वांकेल या जर्मन अभियंत्याचे असे पहिले इंजिन १९५७ साली चालले, तरी रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांची झीज आणि लांबट ज्वलनकक्षामुळे वाया जाणारी उष्णता ही दुखणी अजून पुरती गेलेली नाहीत. माझदाने २०२३ साली ८३० सीसीचे एका रोटरचे इंजिन मोटारीत बसवले, तेही चाके फिरवायला नव्हे, बॅटरीसाठी वीज तयार करायला.

तुमचे यंत्र चार जणांच्या हाती जाणार असेल तर मात्र फोर-स्ट्रोकच घ्या, त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळायला कोणी विसरायचा प्रश्न नाही, आणि घराभोवतीचे दोन वाफेच असतील तर बॅटरीवरचे पुरे. यावरून मी दादांचे म्हणणे मान्य केले, असे कोणी समजू नये.