आफ्रिकेतील प्रौढशिक्षकांचे प्रशिक्षण: कोणता देश पुढे?

आफ्रिकेतील निरनिराळ्या देशांत प्रौढांना शिकवणारे शिक्षक कसे घडवले जातात आणि त्यात कोणता देश पुढे आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते क्रमवारी लावण्यापूर्वी ‘प्रौढशिक्षक’ कोणाला म्हणायचे हे ठरवावे लागते, कारण या विषयाची पदवी घेणारा आणि संध्याकाळी गावात वर्ग घेणारा ही सहसा दोन वेगळी माणसे असतात.

नायजेरियात भर विद्यापीठावर राहिला. 1948 साली स्थापन झालेल्या इबादानच्या विद्यापीठीय महाविद्यालयात पुढच्याच वर्षी बहिःशाल विभाग (विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी वर्ग चालवणारा विभाग) निघाला आणि कालांतराने प्रौढशिक्षण हा तेथे पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झाला. अशा शिक्षणातून नियोजन करणारे अधिकारी आणि संशोधक चांगले मिळतात. गावातल्या वर्गाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

टांझानियाची प्रौढशिक्षण संस्थाही मूळची बहिःशाल विभागच. 1975 च्या कायद्याने ती स्वायत्त झाली. परंतु तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी 1970 हे प्रौढशिक्षण वर्ष म्हणून जाहीर केल्यानंतर तिथला भर थेट गावावर आला. 1973 च्या ‘म्टू नि आफ्या’, म्हणजे ‘माणूस म्हणजे आरोग्य’, या मोहिमेत सुमारे 75,000 गटप्रमुखांना टप्प्याटप्प्याने तयार करण्यात आले: वरच्या फळीने खालच्या फळीला शिकवायचे, असे करत गावापर्यंत पोहोचायचे. गटप्रमुखाचे काम व्याख्यान देण्याचे नव्हते. सर्वांनी मिळून रेडिओ ऐकायचा, सोप्या स्वाहिलीतील पुस्तकातला भाग वाचायचा, चर्चा करायची आणि शौचकूप खणण्यासारखे एखादे काम ठरवून ते पार पाडायचे, एवढे त्याने घडवून आणायचे. अशा उतरंडीत प्रत्येक पायरीवर आशय थोडा पातळ होतोच, पण मूळ मजकूर रेडिओ आणि पुस्तक यांतूनच येत असल्याने गटप्रमुखाच्या अपुऱ्या तयारीची झळ कमी बसली असावी. मला हीच रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते.

बोट्सवानात विद्यापीठ प्रमाणपत्रापासून पदव्युत्तर पदवीपर्यंतचे शिक्षण देते, तर साक्षरता वर्ग मानधनावरचे गटप्रमुख चालवत आले.

दक्षिण आफ्रिकेत विद्यापीठातले शिक्षण आणि गावातला वर्ग यांच्यातली ही फट अधिक स्पष्ट दिसते. युनिसा या दूरशिक्षण विद्यापीठाने प्रौढांच्या मूलभूत शिक्षणासाठी शिक्षकांचे रीतसर अभ्यासक्रम चालवले, आणि 2008 साली सुरू झालेल्या ‘खा री गुडे’ या साक्षरता मोहिमेने मात्र मानधनावरचे स्वयंसेवक नेमून, त्यांच्या हाती स्थानिक भाषांतील तयार पुस्तिका दिल्या.