पशुधन विकास अधिकाऱ्याची पहिली नेमणूक आडगावी आली तर

ताई, तुमच्या लेकीची आयोगातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवड झाली, पहिली नेमणूक आडगावच्या दवाखान्यात आली, तर बदलीसाठी खटपट करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी याच खात्यातून उपआयुक्त म्हणून निवृत्त झालो. दोन-तीन वर्षं तरी तिला तिथंच राहू द्या.

पुढे जनावर हातातून सुटतं. सहायक आयुक्त झालं की लसींचा साठा, लाभार्थ्यांच्या याद्या, विधानसभेचे प्रश्न यांतच दिवस जातो. हात तयार होतो तो पहिल्या दवाखान्यात. रात्री दोनला पहिल्या वेताची गाय अडते, वासराची मान मागे वळलेली, गोठ्यात बॅटरीचा उजेड आणि घरातली सगळी माणसं भोवती उभी. मान सरळ करून पायांना दोर बांधायचा नि कळ येईल तेव्हाच ओढायचं, हे कॉलेजात शिकवतातच. पण आतून येणारी कळ हाताला कळायला पाच-पन्नास गायी व्हाव्या लागतात.

याचा उपयोग मला खुर्चीत बसूनही झाला. २०२२ साली लम्पी आला, गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचायची मोहीम निघाली. रोज संध्याकाळी आकडे यायचे. एका गावचा आकडा फारच मोठा दिसला. लाळ्या-खुरकुताची लस मी दारोदार फिरून टोचलेली. जनावर धरायला, आवरायला किती वेळ जातो ते ठाऊक होतं. दर जनावराला नवी सुई घेऊन एका दिवसात एवढी होणं शक्यच नव्हतं. गेलो तर अख्ख्या गोठ्याला एकच सुई. अशानं लसीच्या हातूनच रोग पसरतो! लस टोचणाऱ्या त्या तरुण डॉक्टरला मी रागावलो नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत उभा राहिलो.

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यायला सांगा. गाभडलेल्या गायीचा जार उघड्या हातानं काढायचा नाही, खांद्यापर्यंतचे हातमोजे हवेतच. मी तरुणपणी ते केलं नाही, ब्रुसेलोसिस झाला, म्हणजे गायी गाभडवणारा, माणसालाही लागणारा जंतूंचा रोग. कित्येक महिने संध्याकाळी ताप भरायचा, कंबर अजून धरते. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात द्यायची त्याची लसही जिवंत जंतूंचीच असते. टोचताना सुई स्वतःला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.