रिमला सिमेंट रस्त्याची कड लागली: घरी काय जमते, काय नाही

भाऊ, तुमची अडचण मी समजलो ती अशी. समोरून ट्रॅक्टर आला, तुम्ही गाडी सिमेंट रस्त्याच्या खाली घेतली आणि परत चढवताना पुढचं डावं चाक कडेला घासलं. अलॉयच्या काठावर वीतभर ओरखडे आहेत. शोरूमवाले नवीन रिम टाका म्हणतात, आणि तुम्हाला घरी जमते का ते विचारायचं आहे.

बहुतेक जमेल. पण पॉलिश पेपर आणायला धावू नका, आधी टायर पाहा. शहरात रिम फुटपाथला घासते, आपल्याकडे फुटपाथ कुठला? आपली काळी माती पाण्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. बाजूला टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो आणि सिमेंटची कड उघडी पडते. त्या कडेवर आपण तिरपे चढतो, म्हणून रिमसोबत टायरची बाजूही चेपते. टायरच्या बाजूवर कुठे लिंबाएवढा का होईना फुगा दिसला तर आतले दोर तुटलेत असं समजा. तो टायर बदलायचाच, पंक्चरवाला काही म्हणो.

मग चाक काढा. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, मगच जॅक. काढायच्या आधी एक गंमत करून पाहा: गिअर न्यूट्रलला ठेवून, सैल केलेले नट परत हलके टेकवून, चाक हाताने फिरवा आणि रिमच्या काठाजवळ तुराटीची काडी धरा. काडी आणि काठ यांतलं अंतर कमीजास्त होत असेल तर रिम वाकली आहे. मग आतली कड पुसून नीट पाहा, कारण तडा बहुतेक वेळा तिथेच सापडतो, बाहेरून दिसतही नाही. टायर जिथे बसतो तिथे साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर हवा निघते. वाकलेली किंवा तडकलेली रिम घरच्या कामाची नाही. लोखंडी रिम ठोकून सरळ करणारे आपल्या तालुक्यात आहेत, पण अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, तिच्यावर घण चालवू देऊ नका. आणि तड्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे तडा लपवणं.

दुसरी गोष्ट रिमच्या प्रकाराची. तिचा चेहरा आरशासारखा चकचकीत, खाचा काळ्या आणि उजेडात धरल्यावर सीडीसारख्या बारीक गोल रेघा दिसत असतील तर ती डायमंड कट आहे. तिला हात लावू नका. त्या रेघा लेथवर काढलेल्या असतात, पेपरने घासलं की तेवढा भाग आंधळा होतो आणि स्प्रेने ती चमक येत नाही. तिला परत लेथवरच चढवावं लागते, तेही एखाद-दुसऱ्या वेळेपुरतं, कारण दरवेळी धातू कमी होतो. साधी चंदेरी किंवा काळी रंगवलेली रिम असेल तर पुढे वाचा.

शाम्पूने धुवा, वाळू द्या, थिनरच्या फडक्याने पुसा. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते गोलाकार खोचत जा. टेप लावण्यापेक्षा हे बरं, पेपर थेट काठाच्या खाली पोचतो. आता घासणं. पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं तासतात ना, तसं: उंचवटा जाईल तेवढंच, खोलाच्या मागे लागून अख्खी कड खाऊ नका. आधी 240 नंबरच्या पेपरने वर निघालेल्या टोचऱ्या कडा मोडा, मग 400, मग 600 पाण्यासोबत. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं जुना रंगही उतरवत जा. डोळे मिटून बोट फिरवा. रंग आणि धातूची पायरी लागली तर अजून घासायचं. रंग मारल्यावर ती पायरी दुप्पट दिसते.

उरलेल्या खोल खाचेत अ‍ॅल्युमिनियम मिसळलेली एपॉक्सी पुट्टी, पातळच. सुकली की परत 400, 600. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, दुकानात एच प्रायमर (etch primer, उघड्या धातूला धरून बसणारं अस्तर) मागा. त्यावर रंगाचे तीन हलके हात, शेवटी क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकचकीत थर. स्प्रेचा डबा वीतभर लांब, हात हलता, दोन थरांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं. मारायच्या आधी टायर आणि बाकीची रिम वर्तमानपत्राने झाका.

माझी पहिली रिम मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता अंगणात मारली. पारा 44 च्या वर. रंग रिमपर्यंत पोचायच्या आतच हवेत सुकत होता, हात फिरवला तर ज्वारीच्या पिठासारखा खरखरीत. त्यात वावटळ आली. शेजारचा मिस्त्री कुंपणावरून म्हणे, "काहून घाई करून राह्यला भाऊ, सकाळी मारला असता ना!" सगळं घासून परत केलं. पावसाळ्यातही नको, दमट हवेत क्लिअर दुधाळ होते. दिवाळीनंतरची सकाळ, नऊ-दहाच्या सुमाराला, गोठ्याच्या सावलीत, आधी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवलेली, यासारखी वेळ नाही.

दिवसभर तसंच ठेवा, मग चाक लावा. नट आमोरासमोरचे आवळायचे, गोलाकार नाही, आणि नट बसतात त्या जागी रंग जाऊ देऊ नका. थर दबला की नट सैल होतात. पन्नासेक किलोमीटर चालवून पाना परत लावून पाहा. आठवडाभर प्रेशरचं पाणी मारू नका.

आतल्या कडेचा फोटो टाका, समोरून नाही, बाजूने बॅटरी मारून काढलेला. तडा असेल तर त्यात सावली दिसते.