सामन्यासाठी यवतमाळकडे येताय? आधी जेवणाची वेळ ठरवा, मग जागा

सर, तुमचा प्रश्न मी असा समजलो: पुण्याहून कॉलेजचा १६ जणांचा फुटबॉल संघ घेऊन तुम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यवतमाळच्या पुढे एका तालुक्याच्या गावी स्पर्धेला येताय. वर्ध्यापर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. पहिला सामना दुपारी ३ वाजता, जिंकलात तर दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता. ढाब्यावरचं पनीर नको, इथलं जेवण हवं, आणि चार मुलं शाकाहारी आहेत. मी याच भागातला. आमच्या गावचे पोट्टे बाहेरगावी खेळायला निघाले की जेवणाचं बघणं माझ्याकडे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खानावळींची नावं देत नाही. तालुक्याच्या गावात चुलीपाशी उभा असलेला माणूस बदलला की पाटी तीच राहते आणि जेवण बदलतं. त्यापेक्षा कुठे बघायचं आणि काय मागायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी यजमान मंडळाला फोन करा. आमच्याकडे गावच्या स्पर्धांत पाहुण्या संघाच्या जेवणाची सोय बरेचदा मंडळच करतं. शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर समाजभवनात पंगत बसते: पोळी, आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, कधी बुंदी. ही पंगत सोडून बाहेर खायला जाऊ नका. त्या कढईतली वांगी सकाळीच कोणाच्या तरी वावरातून आलेली असतात, आणि वाढणारी माणसं तुम्ही पोटभर जेवावं म्हणून मनापासून झटत असतात. मात्र दोन गोष्टी फोनवरच सांगून ठेवा: मुलांना ११ वाजता पानावर बसायचं आहे, आणि तिखट बेताचं हवं. न सांगितल्यास गावची पंगत १ वाजता बसेल, आणि समोर उभं राहून आग्रह करणाऱ्या आजीला तुमची मुलं नाही म्हणू शकणार नाहीत.

वेळेवर एवढा जोर काहून, तर ३ वाजताच्या सामन्याआधी भरपेट जेवण तीन-चार तास आधी झालेलं बरं. तेल आणि तिखट पोटात रेंगाळतं, आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच पाय जड पडतात. ४५ मिनिटांचे दोन डाव, तेही आमच्या काळ्या मातीच्या मैदानावर. डिसेंबरात ही माती वाळून टणक झालेली असते आणि धूळ उडते. रात्री स्वेटर लागेल इतकी थंडी असली तरी दुपारी ऊन चांगलंच लागतं. म्हणून जेवणात भात-वरण जास्त, भाजी थोडी, लोणचं नकोच. सामन्याच्या तासभर आधी एखादं केळं. पाण्याचे थंड कॅन मंडळाला मागवायला सांगा आणि लिंबू-मीठ-साखर सोबत ठेवा.

आता सकाळचं. वर्ध्याला उतरलात की पोह्यांच्या गाड्या दिसतील. खा, जरूर खा. आमच्याकडे पोह्यांवर शिजवलेले हरभरे आणि त्यांची तर्री घालतात. पातेल्यात डाव, म्हणजे वाढायची पळी, कशी जाते तिकडे लक्ष ठेवा. गाडीवाल्याने डाव वरच्या वर फिरवला की लाल तेल येतं, खोल घातला की हरभरे आणि पातळ रस्सा येतो. सामन्याच्या दिवशी म्हणा, ‘भाऊ, खालचं द्या, वरचं नको.’ तो समजेल. वर कच्चा कांदा आणि लिंबू. आलुबोंडा आणि समोसे त्याच गाडीवर समोर दिसत असतील, ते परतीच्या वाटेवर.

वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ हा रस्ता ७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि आता चौपदरी, नागपूर-तुळजापूर महामार्गाचा भाग. रस्ता झकास, पण त्याच्या कडेचे बरेचसे ढाबे तुम्हाला जे नको तेच देतात: तंदुरी रोटी, पनीर, दालफ्राय. गाडी गावात शिरल्याशिवाय गावचं जेवण मिळत नाही. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे. दर्शनाला थांबलात तर चहा तिथेच घ्या, जेवण नको. ११ वाजता मुक्कामी पोचायचं आहे.

समजा मंडळाने जेवणाची सोय केली नाही. तर मग तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या समोरची मोठी पाटी सोडा आणि बाजार समितीकडे किंवा जिनिंगकडे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याकडे, जा. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे कापसाचे दिवस. शेतकरी पहाटे गाडी भरून निघतो आणि काटा होईपर्यंत रांगेत उभा राहतो. त्या माणसाला भाजी-भाकर लागते, ती स्वस्त लागते आणि पोटाला आधार देणारी लागते. त्याच्या भरवशावर चालणाऱ्या खानावळीत शिळं खपत नाही, कारण तो रोजचा नसला तरी त्याच्या गावचा कोणी ना कोणी रोज तिथे येतो आणि बातमी गावात पोचते. ज्वारीची भाकर, झुणका, वांगं, वरण-भात आणि ठेचा, एवढंच मिळेल आणि तेच खायला तुम्ही येताय.

पण अशा खानावळीत १६ भुकेली पोरं अचानक उभी राहिली तर मालक गांगरतो. चार बाकडी, एक चूल, भाकरी थापणारी एकच बाई. आदल्या दिवशी मंडळातल्या कोणाला तरी तिथे पाठवून आकडा आणि वेळ सांगा, थोडा इसार द्या. मग तुमच्यासाठी वेगळं पातेलं चढेल आणि तिखटही तुमच्या सांगण्याप्रमाणे पडेल. पोचल्यावर सांगितलेलं कमी तिखट म्हणजे तयार रस्स्यात ओतलेलं गरम पाणी.

हाफटाइमसाठी संत्री घ्या. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरात असतातच, आणि यवतमाळच्या बाजारात ती डझनाने मिळतात. सोलून फोडी करून डब्यात भरून ठेवा, म्हणजे त्या १५ मिनिटांत सोलत बसावं लागत नाही. आमचे पोट्टे ग्लुकोजच्या पाण्याकडे बघत नाहीत, संत्र्याच्या डब्यावर तुटून पडतात.

संध्याकाळचं जेवण निकालावर अवलंबून आहे, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवा. जिंकलात तर दुसऱ्या दिवशी ९ वाजता पुन्हा मैदानात, म्हणजे त्या रात्री सावजी, म्हणजे आमच्याकडचं झणझणीत मसाल्याचं जेवण, नाही. मी एका पाहुण्या संघाला पहिला सामना तीन गोलांनी जिंकून रात्री सावजी मटणावर ताव मारताना पाहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निम्मे खेळाडू मैदानापेक्षा शाळेच्या मागेच जास्त होते. चांगला संघ होता, वाईट वाटलं.

जिंकल्याच्या रात्रीसाठी माझ्या मते सगळ्यात छान जेवण म्हणजे सोल्यांची आमटी, भाकर आणि भात. तुरीच्या ओल्या शेंगा याच दिवसांत निघतात. त्यांचे हिरवे दाणे, म्हणजे सोले, तव्यावर परततात, लसूण-मिरचीबरोबर वाटतात आणि पातळ आमटी करतात. चव अशी की शहरात तूरडाळ खाणाऱ्याला ती त्याच झाडाची आहे हे पटत नाही. खानावळीच्या फळ्यावर ही लिहिलेली नसते, पण आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात. घरोघरी होतेच. जमलं तर सोबत कढी. तुरीच्या अख्ख्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून देणारंही कोणी भेटेल. त्या मात्र स्पर्धा संपल्यावर खा, पोट फुगतं.

हरलात, किंवा शेवटचा सामना झाला, की मग बंधन नाही. मग दोन रस्ते आहेत.

एक सावजी. मुळात ही नागपूरच्या हलबा कोष्टी, विणकर समाजाच्या घरची चव. पूर्वी जवसाच्या तेलात करत. आता सावजीची पाटी विदर्भात जिथे तिथे दिसते. रस्सा काळपट लाल असतो आणि पहिला घास साधा वाटतो, झणका नंतर येतो. म्हणून रस्सा भातावर ओतून घेऊ नका, वाटीत वेगळा मागा आणि भाकरीचा तुकडा बुडवून बघा. सोसलं तर पुढे जा. तिखट लागलं म्हणून पाणी ढोसू नका, ताक किंवा दही घ्या. गर्दीची जागा बघा. सावजीत मसाला इतका असतो की शिळं मटणही जिभेला कळत नाही, म्हणून जिथे पातेलं लवकर रिकामं होतं तिथेच बसा.

दुसरा रस्ता रोडग्यांचा, आणि मला विचाराल तर १६ पोरांना घेऊन आलेल्या माणसाने हाच धरावा. रोडगे हॉटेलात मागून मिळायची वस्तू नाही. हा वावरातला नाहीतर मारुतीच्या पारापाशी होणारा स्वयंपाक आहे, आणि बरेचदा तो पुरुष मंडळीच करतात. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेची लहान गोळी, तिच्यावर तेलाचा हात फिरवून दुसरी पारी, त्यावर तिसरी, असा एकात एक गुंडाळलेला गोळा तयार होतो. तिकडे गोवऱ्या पेटवून त्यांचा आर, म्हणजे निखारे, पडू देतात. धूर पूर्ण संपल्याशिवाय रोडगे आरावर ठेवत नाहीत, नाहीतर धुराचा वास बसतो. आधी वरून फिरवून शेकतात, मग गरम राखेत पुरून ठेवतात. बाजूला मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वांग्याची भाजी रटरटत असते, दुसऱ्यात वरण. तासाभराने रोडगा बाहेर काढून फडक्याने राख झटकतात आणि दोन्ही हातांनी दाबतात. तो फुटला की आतून पदर सुटतात आणि वाफ येते. त्यावर तूप, मग वरण, कुस्करायचं आणि खायचं. खेळून आलेल्या पोराला तीन सहज लागतात.

मंडळाला म्हणा, ‘रोडगे करा, सामानाचा खर्च आमचा.’ मला खात्री आहे की कोणी नाही म्हणणार नाही. उलट यजमान संघाची पोरंही तिथेच बसतील, आणि दुपारी एकमेकांचे पाय तुडवलेले बॅक आणि फॉरवर्ड एकाच आराभोवती गोवऱ्या सारतील. आमच्या पोट्ट्यांच्या ओळखी अशाच झाल्या. दारव्ह्याचा, दिग्रसचा, उमरखेडचा कोणी ना कोणी आजही पोळ्याला फोन करतो. तुमच्या मुलांना वऱ्हाडातली माणसं भेटायची असतील तर ती इथेच भेटतील. फक्त दोन दिवस आधी सांगा. गहू जाडसर दळून आणावा लागतो आणि गोवऱ्या चांगल्या वाळलेल्या लागतात.

आठवडी बाजार कोणत्या वारी असतो तेही विचारून घ्या. स्पर्धेच्या दिवसांत आला तर गरम भजे, चिवडा, जिलबी तिथेच. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही, मुलं आपसूक पोचतील.

परतताना वर्ध्याला गोरस भांडारचा गोरसपाक, म्हणजे तुपातलं खुसखुशीत बिस्किट, घ्या. प्रवासात टिकतो आणि घरच्यांसाठी न्यायला याहून चांगलं काही नाही. वर्ध्याहून पुण्याकडे जाताना बडनेरा आणि अकोल्यानंतर शेगाव लागतं. गाडी जागेपणी पोचत असेल तर तिथली कचोरी घ्या, सोबत तळलेली हिरवी मिरची मिळते. येताना नको, तळलेलं आहे.

चार शाकाहारी मुलांची काळजी करू नका आणि त्यांच्यासाठी वेगळं हॉटेल शोधू नका. रोडगे, सोले, झुणका, पंगत, सगळं शाकाहारीच आहे. सावजीलाच गेलात तर त्यांच्यासाठी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा किंवा डाळकांदा मागा. तिखटात तो मटणाला हार जात नाही, तेव्हा त्यांनाही रस्सा वाटीतच द्या. मटणाचा रस्सा आणि पातोडीचा रस्सा काही ठिकाणी एकाच पातेल्यातून निघतो. कोणी कडक शाकाहारी असेल तर बसण्याआधी ‘रस्सा वेगळा शिजवता का?’ हे मालकालाच विचारा, वाढणाऱ्या पोराला नको. शंका वाटली तर त्या चौघांसाठी शुद्ध शाकाहारी भोजनालयातून डाळकांदा-भाकर बांधून घ्या आणि सगळे एकत्रच बसा.

मंडळाशी बोलणं झालं की गावाचं नाव कळवा. आमच्या तालुक्याच्या जवळ असेल तर गोवऱ्यांचं मी बघतो.