धाप लागते म्हणजे फुफ्फुसं कमजोर, असं बऱ्याचदा नसतं

तीन आठवडे रोज अर्धा तास जॉगिंग करूनही दोन मजले चढलं की धाप लागतेच, मग फुफ्फुसांसाठी वेगळं काही करू का, असं विचारलंयत. माझंही सुरुवातीला सेम झालेलं आणि मीपण बिचाऱ्या फुफ्फुसांनाच शिव्या घालायचो.

पण धडधाकट माणसाची फुफ्फुसं मुळातच ऐसपैस असतात हो. निवांत बसलं की मिनिटाला ६-७ लिटर हवा आत-बाहेर होते, जीव तोडून पळताना तीच १०० लिटरच्या वर जाते, तरी ती पुरून उरतात. व्यायामाने ती काही मोठी होत नाहीत, फुगे फुगवून तर नाहीच नाही. डायफ्रॅम (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा) आणि बरगड्यांमधले स्नायू चिवट होतात, श्वास उथळ न राहता खोल जातो, बस.

खरी गंमत हृदयात होते. आपलं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं, बसल्याबसल्या मिनिटाला ५ लिटर. पळणं, पोहणं, सायकल, काहीही नियमित केलं की आधी एकदोन आठवड्यांत रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, वाढतो, मग काही महिन्यांनी डावा कप्पा थोडा मोठा होतो आणि तेवढंच रक्त कमी ठोक्यांत जायला लागतं. पायांच्या स्नायूंत केशवाहिन्या, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्याही वाढतात म्हणजे आलेला ऑक्सिजन नीट वापरला जातो. याला तीन आठवडे कमीच पडतात.

मी सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजायचो. सुरुवातीला ७८ यायची, आठेक महिन्यांनी ६२. म्हणजे त्याच हिशोबाने दिवसाला २३ हजार ठोके वाचले!

आणि तुम्ही बहुतेक फार जोरात पळताय. पळताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवा, नाही जमलं तर मध्ये चाला, लाज कसली त्यात. जागतिक आरोग्य संघटनाही मध्यम व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, तुमची २१० होतातच. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बसल्याजागी धाप लागली तर हे सगळं राहू द्या आणि आधी डॉक्टर गाठा.

जिन्यात धाप मलाही लागते अजून, फक्त आता वर पोचून कुलूप उघडेपर्यंत ती गेलेली असते.