हेवी डिपॉझिट की दरमहा भाडे?

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला एक वन बीएचके सदनिका दोन वर्षांसाठी घ्यायची आहे. घरमालकांनी दोन पर्याय दिले आहेत : १ लाख रुपये अनामत आणि दरमहा २७ हजार रुपये भाडे, किंवा १२ लाख रुपये ‘हेवी डिपॉझिट’ आणि भाडे शून्य. आमचे १४ लाख रुपये मुदत ठेवीत आहेत आणि तीन वर्षांनी स्वतःचे घर घेताना ते लागणार आहेत. भाड्याचा पैसा वाया जातो असे वाटते. काय करावे?

उत्तर : निव्वळ आकडेमोड केली तर दुसरा पर्याय फारच आकर्षक दिसतो. दोन वर्षांचे भाडे ६ लाख ४८ हजार रुपये होते. उलट जादा गुंतणाऱ्या ११ लाखांवर साडेसहा टक्के दराने व्याज धरले, तर दोन वर्षांत तुम्ही सुमारे १ लाख ४३ हजारांवर पाणी सोडाल, तेही करपूर्व. म्हणजे पाच लाखांची बचत. माझी शंका नेमकी इथेच सुरू होते.

हाच हिशेब घरमालकांच्या बाजूने मांडून पाहा. ११ लाख रुपये वापरायला मिळावेत म्हणून ते वर्षाला ३ लाख २४ हजारांचे भाडे सोडत आहेत, म्हणजे सुमारे २९ टक्के दराने पैसे उभे करत आहेत. भाड्यावरचा प्राप्तिकर वाचतो हे खरे, पण ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात असले तरी हा दर २३ टक्क्यांच्या आसपास राहतो. ज्याच्या नावावर ठाण्यात सदनिका आहे, त्याला बँक याहून कितीतरी स्वस्तात कर्ज देते. तरीही ते तुमच्याकडे का येत आहेत, हे विचारायला संकोचू नका. कारण साधे असू शकते, परंतु सदनिका आधीच गहाण असण्याचीही शक्यता असते, आणि तसे असेल व हप्ते थकले तर बँक सदनिकेचा ताबा घेते. तुमच्या अनामतीचा त्या सदनिकेवर कोणताही बोजा नसतो. तुम्ही दिलेले ते विनातारण कर्जच असते.

शिवाय हे पैसे घरमालकाकडे क्वचितच पडून असतात. ते बहुधा पुढच्या माणसाच्या डिपॉझिटमधून परत केले जातात आणि तो मिळेपर्यंत तुम्हाला थांबावे लागते. पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही, हा पवित्राही फारसा कामाचा नाही, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची) मुदत संपल्यावर घरमालकाला ताबा परत मागता येतो, आणि करारात शुल्क ठरलेले असेल तर राहणाऱ्याकडून त्याच्या दुप्पट रक्कमही मागता येते. घराच्या डाउन पेमेंटसाठी राखलेला पैसा अशा वाटेवर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच लाख वाचतात, पण पणाला बारा लाख लागतात. भाडे वाया जाते म्हणणे मला पटत नाही, त्याच्या बदल्यात तुम्ही दोन वर्षे त्या घरात राहता. (तुमच्यापैकी कोणी जुन्या करप्रणालीत असेल आणि पगारात घरभाडे भत्ता असेल, तर भाडे दिल्याने करसवलतही मिळेल.)

तडजोड करायचीच असेल तर ३ लाख अनामत आणि २२ हजार भाडे असा प्रस्ताव ठेवा. घरमालकांच्याच गणितात १ लाखामागे भाडे सुमारे २,४५० रुपयांनी उतरते, तेव्हा यात त्यांचे जवळपास काहीच नुकसान नाही. त्यांनी एकरकमी बारा लाखांचाच हट्ट धरला, तर ते घर सोडून द्यावे.

कोणताही पर्याय घेतला तरी सूची २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातील खरेदी व्यवहाराच्या नोंदीचा उतारा) पाहून मालकी तपासा, गहाणाची नोंद शोधा आणि सहमालक असतील तर सर्वांच्या सह्या घ्या. रक्कम करारात नमूद केलेल्या खात्यातच बँकेमार्फत भरा, रोख मुळीच नको. चावी परत करण्याच्या दिवशीच अनामत परत मिळेल आणि उशीर झाल्यास व्याज लागेल, हे करारात लिहून घ्या. कराराची नोंदणी करून घेण्याची कायदेशीर जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरील दरसाल १० टक्के मानीव (गृहीत धरलेले) व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असते. अगदी बारा लाखांच्या शून्य-भाडे करारालाही ते दोन वर्षांसाठी ६०० रुपयेच होते, आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे. एवढ्या खर्चासाठी कोणी ‘नोंदणीऐवजी नोटरी करून टाकू’ म्हणाले, तर तिथेच थांबा.